५१ टक्के नाव, २ टक्के दाम

गेल्या पावसाळ्यात मित्राचा मुलगा एक करारनामा घेऊन माझ्याकडे आला. डिप्लोमा झालेला पोरगा आहे. एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ आणि वेल्डिंगची मशीन टाकून फॅब्रिकेशनची कामे करतो. लहान उद्योजकांची टेंडरची कागदपत्रे तयार करून देणे हे माझे काम, त्यामुळे असले कागद माझ्याकडे येतात. "काका, एकदा नजर टाका. उद्या सही करायची आहे," तो म्हणाला.

नवी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची होती. ५१ टक्के शेअर या मुलाच्या नावावर, ४९ टक्के एका मोठ्या ठेकेदाराच्या माणसाच्या नावावर. केंद्र सरकारच्या एका उपक्रमाचे लोखंडी सामान पुरवण्याचे टेंडर निघणार होते, ते या कंपनीने भरायचे. पहिली दोन पाने वाचून कोणालाही वाटावे, पोराचे नशीब उघडले. तिसऱ्या पानापासून खरी गोष्ट सुरू होत होती. बँक खात्यावर सही दुसऱ्या बाजूची, त्यासाठी या मुलाने मुखत्यारपत्र लिहून द्यायचे. शेअर हस्तांतराच्या फॉर्मवर आजच सही करायची, तारीख मोकळी ठेवायची. माल, कारखाना, माणसे सगळी त्यांची. बँकेच्या कर्जाला वैयक्तिक हमी मात्र याची. आणि याला काय? निघालेल्या प्रत्येक बिलावर २ टक्के.

नाव त्याचे, जात त्याची, जबाबदारी त्याची. बाकी सगळे दुसऱ्याचे. याला त्या कागदावर "भागीदारी" म्हटले होते.

सरकारी कंत्राटांत हा प्रकार नवा नाही. पेट्रोल पंपांच्या राखीव डीलरशिपमध्ये आपण तो पाहिला, मजूर सहकारी संस्थांमध्ये पाहिला. तरी आपल्या चळवळीत त्याची चर्चा फार थोडी होते. आपण नोकरीतल्या आरक्षणावर लढतो आणि ते बरोबरच आहे. पण जिथे कायमची भरती बंद होऊन काम ठेक्यावर जाते, तिथे प्रश्न बदलतो. कार्यालयाची सफाई, सुरक्षा, वाहने, जेवण, संगणकावरची नोंद हे सगळे आज ठेक्यावर आहे. पूर्वी या कामांसाठी बिंदुनामावली होती, आता टेंडर आहे. बिंदुनामावलीत आपली जागा असायची. टेंडरमध्ये आपण बहुतेक मस्टरवरच्या मजुरांच्या यादीत असतो, कंत्राटदाराच्या सहीच्या जागी नसतो.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयला दिले. त्यात विधिमंडळ, नोकऱ्या आणि शिक्षण यांच्याबरोबरच सरकारी कंत्राटांतल्या वाट्याचा प्रश्नही त्यांनी मांडला होता. पुढे साठ वर्षांनी, जानेवारी २००२ मध्ये, भोपाळ घोषणापत्राने सरकारी खरेदीत दलित-आदिवासी उद्योजकांना वाटा देण्याची मागणी पुन्हा पुढे आणली. २००५ मध्ये पुण्यात डिक्की स्थापन झाली. आणि २०१२ मध्ये केंद्र सरकारचा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश आला.

हा आदेश नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्या मुलाच्या करारनाम्याचे मूळ इथेच आहे. केंद्राची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीतला ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा. तो आधी २० टक्के होता, आता २५ टक्के आहे. त्याच्या पोटात ४ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांचा आणि ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांचा. टेंडरचा फॉर्म मोफत, बयाणा रक्कम माफ. पूर्वीच्या उलाढालीची आणि अनुभवाची अट शिथिल करता येते. मोठ्या कंपनीचा दर सर्वात कमी आला आणि लघु उद्योगाचा दर त्याच्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तर लघु उद्योगाला तोच कमी दर मान्य करून किमान २५ टक्के पुरवठा मिळवता येतो.

अनुसूचित जाती-जमातीची मालकी कशी ठरते? एकट्याचा धंदा असेल तर मालक त्या समाजाचा हवा. भागीदारी असेल तर त्या समाजाच्या भागीदारांचा वाटा किमान ५१ टक्के. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर प्रवर्तकांचे शेअर किमान ५१ टक्के. बस, एवढेच. माल कोणी बनवला, कामगारांचा पीएफ कोणी भरला, चेकवर सही कोणाची, नफा कोणाच्या घरी गेला, हे ही व्याख्या विचारत नाही. ५१ हा आकडा दाखवला की सरकारचे समाधान होते. त्या करारनाम्यातला ५१ इथून आला होता.

आता उलट बाजू पाहू. तो मुलगा अशा माणसाच्या दारात मुळात का जातो? कारण टेंडरच्या अटी त्याला एकट्याने उभे राहू देत नाहीत. बांधकामाच्या निविदांत वर्षानुवर्षे एक ठोकळा वापरला जातो. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ मध्ये तो मार्गदर्शक म्हणून दिला होता. गेल्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन सारखी कामे, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक काम पूर्ण केलेले असावे. शिवाय गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या ३० टक्के असावी. म्हणजे एक कोटीचे काम हवे असेल तर आधी ८० लाखांचे एक, किंवा ४० लाखांची तीन कामे केल्याचा दाखला आणा. ज्याच्या बापाने आणि आजाने ठेके घेतले, त्याच्याकडे असे दाखले फाइलभर असतात. ज्याच्या बापाने त्याच ठेकेदाराच्या हाताखाली गवंडीकाम केले, त्याच्याकडे काय असते? हात असतात, दाखला नसतो.

इथे जातीचे काम फार शांतपणे होते. आपली कितीतरी माणसे पेटी कॉन्ट्रॅक्टर म्हणून प्रत्यक्ष काम करतात. शाळेच्या खोल्या बांधतात, पाइपलाइन टाकतात, रस्त्याची खडी पसरवतात. पण खात्याच्या लेखी ती नसतातच. मोजमाप पुस्तकात मुख्य ठेकेदाराचे नाव, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर त्याचे नाव. अनेकदा पोटठेक्याला खात्याची परवानगीच घेतलेली नसते, म्हणून ते काम केले असे उघड सांगायचीही सोय नसते. वीस वर्षे काम करूनही आपल्या माणसाचा अनुभव शून्य राहतो आणि ज्याने साइटवर पाय ठेवला नाही त्याचा अनुभव दरवर्षी वाढतो.

मग राहतो संयुक्त उपक्रमाचा रस्ता. दोन-तीन कंपन्या एकत्र येऊन एक बोली लावतात. एकाचा अनुभव, दुसऱ्याची यंत्रे, तिसऱ्याचे भांडवल. यात मुळात काही वाईट नाही. लहान माणसाने मोठे काम शिकायचा हाच मार्ग जगभर आहे. पण अटी वाचा. रेल्वेच्या बांधकाम कंत्राटांत संयुक्त उपक्रमातल्या प्रमुख सदस्याचा वाटा किमान ५१ टक्के असावा लागतो आणि प्रमुख सदस्य तोच होतो ज्याच्याकडे अनुभवाचा दाखला आहे. आपला माणूस फार तर ४९ वर. आणि खात्यापुढची जबाबदारी मात्र सर्व सदस्यांची, एकत्र आणि स्वतंत्रपणे. म्हणजे मोठ्याने काम अर्धवट सोडले तर लहानाच्या मागेही वसुली लागते, त्याचेही नाव काळ्या यादीत जाते. मोठा माणूस दुसऱ्या नावाने कंपनी काढतो. लहान माणसाचे घर बँकेकडे जाते.

बांधकामात आपण नियमानेच ४९ च्या खाली, पुरवठ्यात कागदावर ५१ आणि हातात २. दोन्हीकडे आपल्या वाट्याला जोखीम पूर्ण येते.

त्यात २०१२ च्या आदेशातच एक पळवाट लिहून ठेवलेली आहे. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग टेंडरमध्ये आले नाहीत, किंवा अटी आणि सर्वात कमी दर पूर्ण करू शकले नाहीत, तर त्यांचा ४ टक्क्यांचा हिस्सा इतर सूक्ष्म व लघु उद्योगांकडून भरून काढायचा. नोकरीत अनुशेष असतो, राहिलेली जागा पुढे नेण्यासाठी आपण लढलो. खरेदीत अनुशेषच नाही. राहिलेला पैसा त्याच वर्षी दुसऱ्याच्या ताटात जातो. मग कोणता खरेदी अधिकारी आपल्या माणसाला शोधत फिरेल? हा आदेश लागू होऊन दहा वर्षांहून जास्त काळ लोटला, २०१६ मध्ये राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब सुरू झाले, तरी सरकारी आकड्यांत ही खरेदी ४ टक्क्यांच्या बरीच खाली राहिली आहे. वर हा आदेश वस्तू आणि सेवांच्या खरेदीपुरता आहे. रस्ते, पूल, इमारती या बांधकामाच्या ठेक्यांना तो लागू नाही. जिथे सर्वात मोठा पैसा आहे, तिथे केंद्राकडे आपल्यासाठी काहीच नाही.

बांधकामात काही करायचे तर कर्नाटकाकडे पाहावे लागते. तिथे २०१६ च्या कायदा दुरुस्तीने ५० लाखांपर्यंतच्या सरकारी बांधकामांत अनुसूचित जातींना १७.१५ टक्के आणि जमातींना ६.९५ टक्के कामे राखीव झाली. २०२३ मध्ये ही मर्यादा एक कोटीवर नेली. हे मोठे पाऊल आहे. पण मर्यादा आली की तिला चुकवायची युक्तीही येते. चाळीस-चाळीस लाखांची आठ कामे एकत्र बांधून एक मोठे पॅकेज केले की ते राखीव यादीतून आपोआप बाहेर पडते. मग त्या पॅकेजमधली तीच आठ कामे मोठा ठेकेदार आपल्याच माणसांना पोटठेक्यावर देतो, स्वतःचा हिस्सा कापून.

दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, सरकारी पैशात जात कशाला आणता, जो स्वस्तात आणि चांगले करील त्याला द्या. हे म्हणणाऱ्यांनी आदेश वाचलेला नसतो. दराची सवलत लघु उद्योगाला सर्वात कमी दर मान्य केल्यावरच मिळते. सरकारच्या तिजोरीतून एक रुपयाही जास्त जात नाही. मालाची गुणवत्ता आणि तांत्रिक अटी सर्वांना सारख्याच. राहिला प्रश्न जात आणण्याचा. ज्या टेंडरमध्ये मागच्या पिढीच्या कामाचे दाखले मागितले जातात, तिथे जात आधीच आलेली असते, फक्त तिचा उल्लेख नसतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो, कारण त्यात तथ्य आहे. "तुमचीच माणसे नाव विकतात." होय, विकतात. मी पाहिली आहेत. काहींनी तर याचाच धंदा केला आहे. चार-पाच कंपन्यांत नाव, प्रत्येकाकडून टक्केवारी, वर समाजाच्या कार्यक्रमात उद्योजक म्हणून सत्कार. आणि महिलांच्या ३ टक्क्यांत आपल्याही घरांत तेच होते. सही वहिनींची, धंदा दादांचा. सवर्ण ठेकेदाराने आपल्याशी जे केले तेच आपण घरातल्या बाईशी करत असू, तर आपल्याला बोलायचा अधिकार किती उरतो? हे आपण आपल्याच व्यासपीठावर बोलले पाहिजे.

तरीही नाव विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला एकाच पारड्यात घालता येणार नाही. एकाकडे दुसरा पर्याय नसतो, दुसऱ्याकडे सगळे पर्याय असतात. दक्षिण आफ्रिकेने हा फरक ओळखला. तिथे काळ्या लोकांच्या आर्थिक सक्षमीकरणाच्या कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीने असा बनाव हा गुन्हा ठरवला. व्यक्तीला दहा वर्षांपर्यंत कैद, कंपनीला वार्षिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड. अमेरिकेत सरकारी कामासाठी मोठी कंपनी मार्गदर्शक म्हणून लहान कंपनीबरोबर संयुक्त उपक्रम करू शकते. पण तिथे लहान कंपनीचा वाटा किमान ५१ टक्के, कारभार तिच्याकडे, आणि उपक्रमाच्या वाट्याला आलेल्या कामापैकी किमान ४० टक्के काम तिने स्वतः केलेले असावे लागते. म्हणजे मालकीबरोबर कामही मोजले जाते. त्या देशांत सगळे छान चालले आहे असे नाही. पण प्रश्न तरी नेमका विचारला गेला आहे.

आपल्याकडेही चांगला नमुना आहे. २०१९ मध्ये दिल्ली जल बोर्डाने गटारे साफ करणारी २०० यंत्रे कामाला लावली. यंत्रांचे मालक कोण, तर हाताने मैला साफ करणारे आणि गटारात जीव गेलेल्यांचे कुटुंबीय यांना प्राधान्य. कर्ज बँकेने दिले, डिक्कीने हात धरला आणि जल बोर्डाने काम देण्याची हमी आधी दिली. क्रम लक्षात घ्या. आधी कामाची हमी, मग कर्ज, मग यंत्र. ज्यांच्या घरातले माणूस गटारात उतरून मेले, त्यांना यंत्राची मालकी मिळण्याची वाट निघाली. त्याआधी २०१७ मध्ये हैदराबादच्या पाणीपुरवठा मंडळानेही लहान यंत्रांबाबत असेच पाऊल उचलले होते. सरकारने जोखमीचा वाटा उचलला, तर आपल्या माणसाला कोणाच्या सावलीत उभे राहावे लागत नाही.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, ४ टक्क्यांतला न भरलेला हिस्सा इतरांना देण्याची तरतूद काढा आणि तो पुढच्या वर्षाच्या लक्ष्यात मिळवा. दुसरी, ५१ टक्क्यांबरोबर कामाचा वाटा तपासा. जीएसटीची विवरणे, पीएफचे चलन, बँकेतल्या सह्या हे सगळे सरकारच्या हाताशी आहे. तिसरी, संयुक्त उपक्रमात बिलाचा पैसा प्रत्येकाच्या कामाच्या प्रमाणात थेट त्याच्या खात्यात जमा करा आणि लहान सदस्याची जबाबदारी त्याच्या वाट्यापुरती ठेवा. चौथी, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर पोटठेकेदाराचे नाव आणि त्याने केलेल्या कामाची रक्कम लिहा. पाचवी, राखीव मर्यादेतली कामे एकत्र बांधायची असतील तर कारण लेखी द्या आणि जाहीर करा. सहावी, बनाव उघड झाला तर शिक्षा ज्याने नाव वापरले त्याला आधी, आणि ज्याने पुढे येऊन सांगितले त्याला संरक्षण.

यातली चौथी मागणी सर्वात साधी आहे आणि मला विचाराल तर सर्वात मोठी. तिला पैसा लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही. एका फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा आहे. पण त्या एका रकान्याने गवंड्याच्या मुलाकडे पहिल्यांदा दाखला येईल, आणि पुढचे टेंडर तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पायावर भरू शकेल.

त्या रात्री मी त्या मुलाला सही करू नको असे सांगितले नाही. सांगायचा मला काय अधिकार? गाळ्याचे तीन महिन्यांचे भाडे थकलेले होते. मी करारनाम्यात चार दुरुस्त्या लिहून दिल्या. बँकेत दोघांची सही. बिनतारखेचे फॉर्म रद्द. किमान एक तृतीयांश माल त्याच्या गाळ्यात बनेल. वैयक्तिक हमी दोघांची. समोरच्याने कागद वाचला, हसला आणि परत दिला. मुलाने सही केली नाही.

आठवड्याभरात त्यांना दुसरे ५१ टक्के मिळाले. आपल्याच एका वस्तीतून.

मुलगा बरोबर वागला याचा मला अभिमान आहे. पण त्याच्या नकाराने काही बदलले नाही, हेही तितकेच खरे. एकेकट्याच्या प्रामाणिकपणावर ही व्यवस्था मोडणार नाही, कारण तिला फक्त एक सही हवी असते आणि गरजेची सही कुठेतरी मिळतेच. नियम बदलले तरच ती मोडेल. आणि नियम बदलायचे तर टेंडर, बिल, मोजमाप पुस्तक हे शब्द आपल्या सभांत, पत्रकांत आणि निवेदनांत आले पाहिजेत. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या टेबलावर नेले होते. आपण ते निदान जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत नेऊ.

जय भीम.